अमेरिकेत बाळंतपणाची रजा बिनपगारी का? पॅट श्रोडरबाईंची गोष्ट

मावशीच्या दोन्ही बॅगा भरून झाल्या होत्या. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, धुऊन मऊ केलेली जुन्या सुती साड्यांची दुपटी, दोन टोपरी. मुलगी टेक्सासात, डॅलसच्या जवळ. बॅगेची चेन ओढता ओढता मावशी म्हणाली, "सहा आठवड्यांनी कामावर जायचं म्हणते गं ती. आणि ते सहा आठवडेसुद्धा बिनपगारी."

"कायदा आहे ना तिथं बारा आठवड्यांचा?"

"आहे म्हणे. पण हिच्या नोकरीला वर्ष झालेलं नाही ना. अकरावा महिना चालू आहे. वर्ष पुरं झाल्याशिवाय तो कायदा लागत नाही." मावशी बॅगेवर बसली, चेन लागली. "एवढा श्रीमंत देश, आणि बाळंतिणीला ही वागणूक?"

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर एका बाईंची गोष्ट सांगावी लागते. त्यांचं नाव पॅट श्रोडर. कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरातून त्या लागोपाठ बारा वेळा अमेरिकी संसदेवर निवडून गेल्या, १९७३ ते १९९७ अशी चोवीस वर्षं तिथं बसल्या, आणि फटकळ तोंडासाठी देशभर प्रसिद्ध झाल्या. बारा आठवड्यांचा तो कायदा आणायला पहिला मसुदा त्यांनी मांडला. तो मंजूर व्हायला आठ वर्षं लागली आणि तेवढ्या काळात तो कसा झिजत गेला, हे बघितलं की 'अकरावा महिना' ही अट कुठून आली ते कळतं.

थोडी पूर्वपीठिका. अमेरिकेत 'काँग्रेस' म्हणजे पक्ष नव्हे, संसद. तिची दोन सभागृहं. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन असे शंभर जण, सहा वर्षांसाठी. दुसरं प्रतिनिधीगृह, म्हणजे आपल्या लोकसभेसारखं. ४३५ जण, आणि मुदत फक्त दोन वर्षांची. म्हणजे निवडून आल्याचा गुलाल उतरतो न उतरतो तोच पुढच्या प्रचाराची तयारी. श्रोडरबाई बारा वेळा जिंकल्या याचा अर्थ दर दोन वर्षांनी एकदा अशा बारा परीक्षा दिल्या.

त्यांचा जन्म १९४० चा, ऑरेगॉनमधल्या पोर्टलंडचा. वडील विमान-विम्याच्या व्यवसायात. मुलगी लहान वयातच विमान चालवायला शिकली. मिनेसोटा विद्यापीठात शिकताना फीचे पैसे तिनं विमानाशी संबंधित कामं करूनच उभे केले. पुढे हार्वर्डला कायदा शिकायला गेली तेव्हा पाचशेहून जास्त विद्यार्थ्यांच्या त्या तुकडीत बायका जेमतेम पंधरा. तिथंच वर्गमित्र जेम्स श्रोडर यांच्याशी लग्न झालं, आणि १९६४ ला पदवी घेऊन दोघं डेन्व्हरला आली.

राजकारणात जायचं होतं ते खरं तर नवऱ्याला. १९७० साली जेम्स राज्याच्या विधानसभेला उभे राहिले आणि थोडक्यात पडले. १९७२ ला डेन्व्हरची संसदेची जागा लढवायला डेमोक्रॅटिक पक्षाला माणूस मिळेना. समोर रिपब्लिकन पक्षाचे विद्यमान खासदार, राष्ट्रपती निक्सन यांची हवा. पडायला कोण उभं राहणार? मित्रमंडळींच्या बैठकीत कुणीतरी जेम्सना म्हणालं, "तुझी बायको कशी आहे?" थट्टेत म्हणालं की गंभीरपणे, कोण जाणे. बाई उभ्या राहिल्या. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात बोलल्या, डेन्व्हरमध्ये १९७६ चं हिवाळी ऑलिम्पिक भरवायच्या खर्चिक हट्टाविरुद्ध बोलल्या. निक्सन यांनी देश जिंकला त्याच दिवशी डेन्व्हरनं बत्तीस वर्षांच्या या बाईंना निवडून दिलं. कोलोरॅडोतून संसदेत जाणारी ती पहिली स्त्री. त्याच दिवशी मतदारांनी ऑलिम्पिकलाही नकार दिला, आणि यजमानपद मिळालेलं शहर ते सोडून देतं, अशी विरळा गोष्ट घडली.

घरात तेव्हा सहा वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांची मुलगी. जेम्सनी डेन्व्हरमधली वकिली सोडली आणि बायकोबरोबर वॉशिंग्टनला बिऱ्हाड हलवलं. १९७३ साली हे करणारा नवरा! त्यांचं कौतुक करायला हवंच, पण त्यातला एक किस्सा बाई स्वतः रंगवून सांगत. एका मुलाखतीत जेम्सनी ऐटीत सांगितलं की मुलांना डॉक्टरकडे मीच नेतो. बाईंनी ते वाचलं आणि सरळ फोन लावला: पाचशे डॉलर लावते, मुलांच्या डॉक्टरचं नाव सांग. पलीकडून खुलासा आला की आपण नेऊ शकतो, सांगितलं तर, असं म्हणायचं होतं. (हा फोन आपल्याकडेही अनेक घरांत लावून बघण्यासारखा आहे.)

संसदेत तेव्हा ४३५ पैकी बायका चौदा. त्यातही मांडीवरची मुलं असलेली तर अपवादच. सभागृहात मतदानाला जाताना बाईंच्या पर्समध्ये लंगोट असत, कार्यालयातल्या टेबलावर रंगीत खडू. एका पुरुष सहकाऱ्यानं विचारलं, आई आणि खासदार, दोन्ही कसं जमणार? त्यावरचं त्यांचं उत्तर आजही त्यांच्या नावावर आहे: मला मेंदूही आहे आणि गर्भाशयही, आणि मी दोन्ही वापरते.

आता खुर्चीची गोष्ट. अमेरिकी संसदेत खरं काम सभागृहात होत नाही, समित्यांत होतं. एखादं विधेयक कुठल्या समितीकडे जातं, समितीचा अध्यक्ष ते पुढे सरकवतो की फायलीत झोपवतो, यावर त्याचं नशीब ठरतं. त्या काळी अध्यक्षपद मिळे ते केवळ ज्येष्ठतेनं. जो जास्त वर्षं टिकला तो अध्यक्ष, आणि एकदा झाला की तो संस्थानिकच. श्रोडरबाईंनी मागून घेतली ती संरक्षण समिती. कारण सरळ होतं: पैसा तिथं जातो, आणि बायकामुलांच्या संरक्षणाबद्दल बायकांनी बोलायचं नाही तर कुणी? समितीचे अध्यक्ष होते लुइझियानाचे एडवर्ड हेबर, सत्तरी ओलांडलेले. त्यांना ही बाई नको होती. त्याच वर्षी समितीत आलेले कॅलिफोर्नियाचे रॉन डेलम्स हे कृष्णवर्णीय खासदारही नको होते. पक्षानं दोघांना बसवलं, तेव्हा हेबर यांनी दोघांसाठी मिळून एकच खुर्ची ठेवली. बायका आणि काळे यांची किंमत प्रत्येकी अर्धी, म्हणून दोघांना मिळून एक, हा त्यामागचा हिशेब.

दोघं त्या एका खुर्चीवर बसले. अर्ध्या-अर्ध्यावर, मांडीला मांडी लावून. देशभरातले सेनाधिकारी समोर साक्ष द्यायला येत आणि त्यांना हे दृश्य दिसे. डेलम्स उंचेपुरे, त्यामुळे अर्धी म्हणजे किती उरत असेल ते आपण समजून घ्यायचं. त्यांनी आदळआपट केली नाही, उठूनही गेले नाहीत. पुढे १९७५ च्या जानेवारीत, ज्या घोटाळ्यानं निक्सन यांना जावं लागलं त्या वॉटरगेट प्रकरणानंतर निवडून आलेल्या नव्या खासदारांनी बंड केलं आणि मतदान घेऊन हेबर यांना अध्यक्षपदावरून काढलं. ज्येष्ठतेचा तो बांध फुटला तो तेव्हा. डेलम्स तर पुढे १९९३ ला त्याच समितीचे अध्यक्ष झाले.

मला वाटतं, बाईंच्या तोंडाळपणाचं मूळ या खुर्चीत आहे. ज्याच्या हातात अध्यक्षाची हातोडी आहे त्याला टोमणा मारायची गरज नसते. ज्याला बसायला अर्धी खुर्ची आहे त्याच्याकडे एकच हत्यार उरतं, ते म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येईल असं वाक्य. आणि ते बाईंना उपजत जमत असे. पेंटॅगॉनच्या, म्हणजे संरक्षण खात्याच्या, अधिकाऱ्यांना खर्चावरून झापताना त्या म्हणाल्या होत्या, तुम्ही बायका असतात तर कायम गरोदरच राहिला असतात, कारण तुम्हाला 'नाही' म्हणताच येत नाही.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं वाक्य १९८३ च्या ऑगस्टमधलं. रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्ष होते. सरकारात काहीही घोटाळा होवो, लोकांचा राग त्यांच्यावर जात नसे. बाई सकाळी मुलांसाठी अंडी तळत होत्या. नॉनस्टिक तव्यावरून अंडं सुळकन सरकलं आणि त्यांना शब्द सापडला. सभागृहात जाऊन म्हणाल्या, रेगन यांनी टेफ्लॉनचा मुलामा दिलेलं राष्ट्राध्यक्षपद तयार केलंय, त्यांना काहीच चिकटत नाही. 'टेफ्लॉन' हे विशेषण रेगन यांना जन्मभर चिकटलं.

या वाक्यांनी नाव झालं तसं नुकसानही. मोठ्या स्थायी समितीचं अध्यक्षपद त्यांना कधीच मिळालं नाही. स्वतःच्या पक्षातले लोकही कुरकुरत की बाईंना टाळ्या हव्या असतात, दहा जणांना गोळा करून तडजोड घडवायची चिकाटी नाही. ईस्टरच्या दिवशी (या ख्रिस्ती सणाचं चिन्ह ससा) चीनच्या दौऱ्यात त्या सशाचा वेश करून हिंडल्या, सहीतल्या 'पी' अक्षराच्या पोटात हसरा चेहरा काढत. गंभीर माणसांना हे पचत नसे. आरोप अगदीच खोटा नव्हता. पण चिकाटी नव्हती म्हणणाऱ्यांनी रजेच्या विधेयकाचा प्रवास बघावा.

अमेरिकेत पूर्वी गरोदर बाईला नोकरीवरून काढणं सर्रास चाले. १९७६ साली तर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंपनीच्या आजारपण विम्यातून गरोदरपण वगळलं तर तो स्त्रियांवर अन्याय नव्हे. संसदेनं १९७८ ला कायदा करून हे दुरुस्त केलं. त्यातही श्रोडरबाईंचा हात होता. त्या कायद्यानं एवढंच म्हटलं की गरोदर बाईला इतर आजारी कामगारांसारखंच वागवा. पण कंपनी इतर आजारी कामगारांनाही रजा देत नसेल तर? मग हिलाही नाही. समान वागणूक, समान शून्य.

कॅलिफोर्नियानं बाळंतिणीला नोकरी परत मिळण्याची हमी देणारा राज्याचा कायदा केला होता. १९८४ ला एका संघीय न्यायाधीशानं तो रद्द ठरवला: फक्त बायकांना रजा हा पुरुषांवर अन्याय. (तीन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा वैध ठरवला, पण तोवर गाडी पुढे गेली होती.) इथं स्त्रीवादी वकिलांतच दोन तट पडले. एक म्हणे, बाळंतपण बायकाच करतात, तर खास सवलत हवीच. दुसरा म्हणे, सवलत फक्त बायकांना दिली की मालक बायकांना नोकरीच देणार नाहीत. ही शंका आपल्याला अनोळखी नाही. आपल्याकडे १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात बारा आठवड्यांची पगारी रजा होती, २०१७ ला ती सव्वीस आठवडे झाली. रजेचा पगार बहुतेक ठिकाणी मालकाच्या खिशातून जातो, आणि मुलाखतीत 'लग्न कधी करणार' हा प्रश्न मुलींनाच विचारला जातो.

अमेरिकेत दुसरा तट जिंकला. मसुदा असा झाला की रजा आईलाही मिळेल, बापालाही. दत्तक घेतलं तरी मिळेल. नवजात बाळासाठी मिळेल, तशी स्वतःच्या मोठ्या आजारासाठी, मूल आजारी असलं तरी मिळेल. (जोडीदार आणि आईबापांचं आजारपण पुढे त्यात आलं.) श्रोडरबाईंनी १९८५ च्या एप्रिलमध्ये हे विधेयक प्रतिनिधीगृहात मांडलं.

इथं आपल्या वाचकाला एक फरक सांगायला हवा. आपल्याकडे सरकारातला मंत्री विधेयक आणतो आणि पक्षादेशावर ते मंजूर होतं. साध्या खासदाराचं खासगी विधेयक मंजूर झाल्याचा शेवटचा प्रसंग १९७० चा. अमेरिकेत मंत्री संसदेचे सदस्यच नसतात, म्हणून प्रत्येक विधेयक कुणा ना कुणा खासदाराचंच असतं. पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून खासदारकी जात नाही. म्हणजे दारं उघडी, पण एकेक मत गोळा करावं लागतं, आणि प्रत्येक मताची किंमत मोजावी लागते.

किंमत मोजायला सुरुवात झाली. पगारी रजा मागायचीच नाही, हे तर आधीच ठरलं होतं. मागितली असती तर विधेयक समितीच्या पहिल्या बैठकीत मेलं असतं. बिनपगारीसुद्धा उद्योगपतींच्या संघटनांना नको होती. त्यांचा युक्तिवाद असा: आज सरकार रजा सक्तीची करतंय, उद्या काय काय करील? सुरुवातीच्या मसुद्यात बाळासाठी अठरा आठवडे होते, आजारपणासाठी सव्वीस, आणि छोट्या आस्थापनाही धरल्या होत्या. रिपब्लिकन पक्षातून न्यू जर्सीच्या मार्ज रूकिमा पुढे आल्या. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगानं गेला होता. त्याच्या आजारपणात मला घरी थांबता आलं, पण जिला नोकरी सोडणं परवडत नाही तिचं काय, असं त्या विचारत. त्यांनी पाठिंबा दिला, पण घासाघीस करून आस्थापनेची मर्यादा पन्नास कामगारांवर नेली. त्याशिवाय त्यांच्या पक्षाची मतं येत नव्हती. अठरा आठवडे घटत घटत बारा झाले. वर्षभर नोकरी झालेली हवी, त्या वर्षात किमान १,२५० तास काम झालेलं हवं, पन्नास कामगार पंचाहत्तर मैलांच्या, म्हणजे सुमारे १२० किलोमीटरच्या टापूत हवेत. मावशीच्या मुलीला अडवणारी अट या घासाघिशीतलीच.

एवढं कापूनही १९९० ला दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी नकाराधिकार वापरला. त्यांचं म्हणणं, रजा चांगलीच, पण सरकारी सक्ती नको. नकाराधिकार उलथवायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. प्रतिनिधीगृहात २३२ विरुद्ध १९५ पडली; बहुमत होतं, दोन तृतीयांश नव्हतं. १९९२ ला पुन्हा मंजूर, पुन्हा नकार. या वेळी सिनेटनं ६८ विरुद्ध ३१ मतांनी नकाराधिकार उलथवला. प्रतिनिधीगृहात २५८ विरुद्ध १६९. पंचवीस-तीस मतांनी पुन्हा हातातोंडाशी आलेला घास गेला.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या, त्या सांगायलाच हव्यात.

पहिली १९८७ ची. कोलोरॅडोचेच गॅरी हार्ट राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतून एका प्रकरणामुळे बाहेर पडले, आणि त्यांच्या प्रचारात असलेल्या श्रोडरबाईंनी स्वतःच उभं राहायचा विचार सुरू केला. उन्हाळाभर देश हिंडल्या. २८ सप्टेंबरला डेन्व्हरमध्ये समर्थकांसमोर उभ्या राहिल्या आणि सांगितलं की मी उभी राहत नाहीये. गर्दीतून हळहळ उठली. बाईंना बोलता येईना. नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकवून त्या रडल्या.

झालं. पंधरा वर्षं संरक्षण खर्चावर जनरलांना घाम फोडणाऱ्या बाईंचं ते काही सेकंदांचं रडणं टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं. बायका अशा रडतात, म्हणून अणुबॉम्बचं बटण त्यांच्या हाती देऊ नये, असा सूर लागला. काही बायकांनीही म्हटलं, हिनं आपलं नाक कापलं. बाईंनी काय केलं? पुढे जो जो पुरुष राजकारणी चारचौघांत रडला त्याचं कात्रण कापून एका फायलीत ठेवायला लागल्या. फाईल जाडजूड झाली. पुरुषांच्या अश्रूंना संवेदनशीलता म्हणत होते.

दुसरी गोष्ट ऑक्टोबर १९९१ ची. क्लॅरेन्स थॉमस यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक व्हायची होती. अनिता हिल या कायद्याच्या प्राध्यापिकेनं त्यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला होता, आणि सिनेट तो फारसा न ऐकताच मतदान उरकायच्या बेतात होती. प्रतिनिधीगृहातल्या सात जणी उठल्या आणि कॅपिटॉलच्या, म्हणजे संसद भवनाच्या, पायऱ्या चढत सिनेटकडे चालू लागल्या. त्यात श्रोडरबाई होत्या, बार्बरा बॉक्सर होत्या, हवाईच्या पॅटसी मिंक होत्या. डेमोक्रॅट सिनेटर जेवणाच्या बैठकीत होते. या स्वतःच्याच पक्षाच्या खासदार, पण दार ठोठावल्यावर त्यांना आत घेतलं नाही. मतदान मात्र लांबलं, सुनावणी झाली, देशानं ती टीव्हीवर पाहिली. थॉमस ५२ विरुद्ध ४८ मतांनी निवडले गेलेच. पण पायऱ्या चढणाऱ्या सात बायकांचा तो फोटो राहिला, आणि पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत प्रतिनिधीगृहात चोवीस नव्या बायका आल्या.

त्याच निवडणुकीत बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी सही केलेला पहिला कायदा हा रजेचाच, ५ फेब्रुवारी १९९३ रोजी. फॅमिली अँड मेडिकल लीव्ह ॲक्ट. मांडल्यापासून जवळपास आठ वर्षांनी.

कायदा देतो काय? वर्षात बारा आठवडे रजा, पगाराशिवाय. या काळात आरोग्य विमा बंद करता येत नाही, आणि अमेरिकेत विमा नोकरीला बांधलेला असतो, म्हणून ही गोष्ट मोठी. परतल्यावर तीच किंवा तोडीची जागा मिळालीच पाहिजे. आईबापांच्या आजारपणाला रजा आहे, सासूसासऱ्यांच्या नाही. म्हणजे मावशी तिकडे आजारी पडली तर तिच्या सेवेसाठी मुलगी (नोकरीला वर्ष झाल्यावर) ही रजा मागू शकते, जावई नाही. अटींच्या चाळणीतून खाली पडणारे कामगार खूप आहेत, आणि जे उरतात त्यांतल्या अनेकांना पगाराशिवाय तीन महिने घरी बसणं परवडत नाही.

मग मूळ प्रश्न: बाकीचे देश पगारी देतात, इथं का नाही? युरोपात बहुतेक ठिकाणी हा पैसा मालक देत नाही, सामाजिक विमा देतो. सगळ्यांच्या पगारातून थोडं थोडं कापून तो निधी उभा राहतो. अमेरिकेत असा राष्ट्रीय निधी बाळंतपणासाठी कधी उभाच राहिला नाही, आणि त्यासाठी नवा कर बसवायला हात वर करणारे पुरेसे खासदार कधी जमले नाहीत. आपल्या मुंबई इलाख्यात १९२९ सालीच बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला. त्याआधी १९२८ ला विधिमंडळात त्या विधेयकाच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते: आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा भार सरकारनंही उचलावा. गिरणीतल्या बायकांना हे मिळालं. शेतात राबणाऱ्या, घरकाम करणाऱ्या बायकांना ते आजही मिळत नाही, तेव्हा आपणही फार ताठ मानेनं बोलू नये.

श्रोडरबाईंची बाकी कामं भराभर सांगते. वैमानिक बायकांना लढाऊ विमानं उडवायची बंदी उठवण्यासाठी १९९१ ला त्यांनी दुरुस्ती आणली. दोन वर्षांनी ती दारं उघडली. स्वतः विमान चालवणारी बाई, तिला 'बायकांना झेपणार नाही' हे कोण पटवणार? सैनिकांच्या घटस्फोटित बायकांना निवृत्तिवेतनात वाटा मिळावा म्हणून त्या झगडल्या. १९९४ ला संसद रिपब्लिकनांच्या हाती गेली, वातावरण कडवट झालं, आणि १९९६ च्या निवडणुकीला उभं न राहायचं त्यांनी ठरवलं. हरल्या नव्हत्या, स्वतःहून उठल्या. पुढे बाराएक वर्षं अमेरिकी प्रकाशकांच्या संघटनेचं अध्यक्षपद सांभाळलं. नंतर फ्लोरिडात राहायला गेल्या.

पगारी रजा राज्याराज्यांतून येऊ लागली. कॅलिफोर्नियात २००४ पासून, न्यू जर्सीत २००९ पासून. मावशीची मुलगी न्यू जर्सीतल्या एडिसनला असती तर तिला काही आठवडे निदान थोडा पगार मिळाला असता. टेक्सासात तसा राज्याचा निधी नाही. कोलोरॅडोत २०२० च्या निवडणुकीत मतदारांनीच कौल दिला: बारा आठवड्यांची पगारी रजा, मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीतून. वर्गणी जानेवारी २०२३ पासून कापली जाऊ लागली. श्रोडरबाई १३ मार्च २०२३ ला वारल्या, वय ८२. पहिल्या पगारी रजा जानेवारी २०२४ ला सुरू झाल्या.

मावशीचा काल रात्री व्हॉट्सॲपवर निरोप आला. बाळ साडेसहा आठवड्यांचं झालंय, मुलगी आज कामावर गेली. जाताना फ्रीजवर चिठ्ठी चिकटवून गेली: दूध वरच्या कप्प्यात, तारीख बघून काढ. खाली मावशीनं लिहिलंय, "लाडूचा डबा तिनं ऑफिसला नेलाय."